वेगवेगळ्या युद्धांतील रंगवलेले धातूचे सैनिक: संग्रहाला दिशा कशी द्यावी?

शिलेदार_नाशिक

नमस्कार. हाताने रंगवलेले धातूचे छोटे सैनिक जमवण्याचा छंद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. लंडनला राहणारा मावसभाऊ दर खेपेला जुन्या बाजारातून एखाददुसरा सैनिक आणत असे, त्यातून सुरुवात झाली आणि पुढे मी स्वतः मागवू लागलो. आजमितीस माझ्या कपाटात वॉटर्लूच्या लढाईतील फ्रेंच ग्रेनेडियर, क्रिमियन युद्धातील ब्रिटिश घोडेस्वार, पहिल्या महायुद्धातील जर्मन पायदळ आणि ब्रिटन्स या लंडनच्या जुन्या कंपनीने केलेले बंगाल घोडदळाचे काही भालाईत अशी सरमिसळ झालेली आहे. एकेक सैनिक सुटा पाहिला तर देखणा आहे. मात्र सगळे एकत्र पाहणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. घरी आलेला पाहुणा ‘हे नेमके कशाचे आहे?’ असे विचारतो, तेव्हा मला समाधानकारक उत्तर देता येत नाही. अशा वेळी एकच युद्ध धरून बाकीचे सैनिक काढून टाकावेत, की अनेक युद्धांचा संग्रहही काही सूत्राने बांधता येतो?

दुसरी अडचण अधिक तातडीची आहे. जुन्या भालाइतांपैकी दोघांच्या घोड्यांच्या पायांवर आणि तळपट्टीच्या कडेला पांढरी भुकटी धरू लागली आहे. पुसली की जाते आणि पावसाळ्यात पुन्हा येते. कपाट नवे आहे, प्लायवूडचे, पुढे काच लावलेले.

तिसरी गोष्ट इच्छेची आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये लढलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा किमान एक सैनिक संग्रहात असावा असे फार वाटते. पण तयार, रंगवलेला असा सैनिक मला कोणत्याही यादीत आढळला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काचकपाट

तुमच्या पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. अनेक युद्धे ठेवण्यात काहीही गैर नाही, मात्र माप एकच ठेवा. ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये पोकळ ओतकामाचे सैनिक बाजारात आणले आणि त्यांच्याबरोबर 54 मिलिमीटर उंचीचे, म्हणजे साधारण 1:32 प्रमाणाचे माप रूढ झाले. आजच्या काही नामांकित कंपन्या, उदाहरणार्थ हाँगकाँगची किंग अँड कंट्री, 1:30 प्रमाणात म्हणजे सुमारे 60 मिलिमीटर उंचीचे सैनिक करतात. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. पण दोघांना शेजारी उभे केले की एक प्रौढ आणि दुसरा पोरगेला वाटू लागतो. त्यातच कोणी उंची तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतो, तर कोणी डोक्याच्या टाळूपर्यंत, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. बंदुकीची लांबी आणि चेहऱ्याचा आकार जुळतो का, ते पाहा.

सूत्र म्हणाल, तर ते युद्धाच्या नावात शोधण्यापेक्षा युद्धांना जोडणाऱ्या एखाद्या प्रश्नात शोधावे. माझ्या स्वतःच्या संग्रहाचा प्रश्न असा आहे की सैनिकाच्या अंगावरचा रंग कधी आणि का नाहीसा झाला. रंगवलेल्या सैनिकांइतके चांगले उत्तर या प्रश्नाला दुसरे कोणतेही माध्यम देऊ शकत नाही, कारण त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि संग्रहालयांतील गणवेश एकेकटे, काचेआड, विटलेले असतात.

रांग 1815 पासून सुरू करावी. वॉटर्लूला लाल कोटातला ब्रिटिश आणि गडद निळ्या कोटातला फ्रेंच सैनिक समोरासमोर उभे होते. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभरेक मीटरपलीकडे भरवशाचा नसे आणि काळ्या दारूच्या धुरात आपला कोण, परका कोण हे ओळखता येणे लपण्यापेक्षा महत्त्वाचे होते, म्हणून भडक रंग आणि उंच टोप्या सोयीच्याच होत्या. पुढे आटे पाडलेल्या नळीच्या रायफली आल्या, 1880च्या दशकात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू आली, आणि लांबून उठून दिसणे म्हणजे मरण ओढवून घेणे झाले. खाकीचा आरंभ मात्र त्याआधीच आपल्या उपखंडात झालेला होता. पेशावरच्या बाजूला 1840च्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या गाइड्स पथकाने मातकट कपडे वापरले, आणि 1857 साली गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे सुती गणवेश चहाच्या पाण्यासारख्या मिळेल त्या पदार्थात बुडवून मळखाऊ करून घेतले. तरीही सुदानमधील गिनिसच्या लढाईत, 30 डिसेंबर 1885 रोजी, ब्रिटिश सैनिक लाल कोट घालूनच लढले. लाल कोटातील ब्रिटिशांची ती शेवटची लढाई मानली जाते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धानंतर 1902 मध्ये मायदेशातही खाकी गणवेश आला.

या रांगेतील माझा सर्वांत आवडता सैनिक ऑगस्ट 1914 मधला फ्रेंच पायदळी आहे. त्याच्या लांब निळ्या कोटाची पुढची दोन्ही टोके चालताना पायांत येऊ नयेत म्हणून मागे मुडपून बटणाला अडकवलेली असतात, आणि त्यामुळे खालची गडद लाल पँट अधिकच उघडी पडते. टोपीच्या लाल भागावर निळे आच्छादन चढवण्याची दक्षता घेणाऱ्या सैन्याने पँट मात्र लालच ठेवली होती! त्याच्या शेजारी 1916 मधला फ्रेंच सैनिक ठेवा. फिकट निळसर कोट, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, बुटांवर चिखल. या दोघांमध्ये जेमतेम दोन वर्षांचे अंतर आहे, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

तुमच्याकडे यातले निम्मे सैनिक आधीच आहेत. क्रिमियाचा घोडेस्वार आणि जर्मन पायदळ काढून टाकण्याची काहीच गरज नाही, त्यांच्या मधल्या जागा तेवढ्या भरून काढा.

पेग्निट्झकाठी

मी नोकरीनिमित्त न्यूरेंबर्गमध्ये राहतो, त्यामुळे माझी बाजू थोडी वेगळी आहे आणि ‘काचकपाट’ यांच्याशी माझा अंशतः मतभेद आहे. 54 मिलिमीटरचा गोल सैनिक हा या छंदाचा एकमेव अवतार नव्हे. या शहरात अठराव्या शतकात हिल्पर्ट यांनी कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली, आणि 1839 मध्ये स्थापन झालेल्या हाइनरिक्सेन यांच्या कारखान्याने सुमारे 30 मिलिमीटर हे माप इतके रुजवले की चपट्या सैनिकांच्या जगात आजही तेच प्रमाण मानले जाते. हे सैनिक पाटीच्या दगडात उलटे कोरलेल्या साच्यांतून निघतात आणि जाडीला एखाद्या नाण्याएवढेच असतात. गोलाई, घड्या, स्नायू, सगळे काही रंगानेच दाखवावे लागते. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे आधी ठरवून संपूर्ण तुकडी त्याच बेताने रंगवावी लागते, म्हणून येथील बरेच जुने रंगकर्मी अजूनही तैलरंगच वापरतात.

न्यूरेंबर्गपासून आगगाडीने सहज जाता येईल अशा कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथलाच्या सैनिकांचे संग्रहालय आहे. तेथे सुमारे 3 लाख आकृती आहेत आणि त्या मुख्यतः देखाव्यांत मांडलेल्या आहेत. विषम वर्षांत ऑगस्टमध्ये गावात मोठा बाजार भरतो, तेव्हा रंगवलेले व न रंगवलेले, नवे व जुने असे सगळेच पाहायला मिळते. युरोपात कोणी नातेवाईक असतील तर त्यांना तिकडे अवश्य पाठवा.

माझे मत एकाच युद्धाच्या, किंबहुना एकाच लढाईच्या बाजूने झुकते, कारण सुटा सैनिक गणवेश दाखवतो, तर समूह लढाई दाखवतो. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूची प्रतिकृती करण्यासाठी ला ए सेंट या शेतवाडीत आठ महिने मुक्काम करून जमिनीचे चढउतार मोजले, हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोणती पलटण नेमकी कोठे होती हे विचारून घेतले, आणि 1838 मध्ये ती लंडनमध्ये लोकांसमोर मांडली. आज ती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तीत संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण दाखवलेला आहे. त्या वेळी प्रशियाचे सैन्य रणांगणावर किती पुढे आले होते यावरून वॉटर्लूचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याच्या गोटातून आक्षेप आले, आणि अखेर सायबोर्नला त्यातील बरेच प्रशियन सैनिक काढावे लागले. नखाएवढ्या सैनिकांवरून सेनापती नाराज होतो, यातच अशा मांडणीचे सामर्थ्य दिसते. रंग नाहीसा होण्याची रांग सुंदर आहे यात वाद नाही, पण तिच्यावरून कोणी कोणाशी भांडणार नाही.

धातुपरीक्षक

पांढऱ्या भुकटीविषयी लिहितो, कारण मांडणीचा निर्णय थांबू शकतो, हे थांबू शकत नाही. ती भुकटी म्हणजे शिशाचे कार्बोनेट होय. जुने सैनिक शिसेप्रधान मिश्रधातूचे आहेत. हवेत ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्लाची अगदी थोडी वाफ आणि दमटपणा एकत्र आले की शिसे झिजू लागते, आणि झालेल्या क्षारावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची क्रिया होऊन ते आम्ल पुन्हा मोकळे होते. एकदा सुरू झालेली झीज म्हणूनच आपोआप थांबत नाही, आणि नुसते पुसून तुम्ही प्रत्येक वेळी सैनिकाचा थोडा थोडा अंश पुसून टाकत आहात.

संशयित तुमच्याच पत्रात आहे: नवे प्लायवूडचे कपाट. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) यांच्यातील चिकटद्रव्ये, सुताराचा पांढरा गोंद, ओला तैलरंग, साधा पुठ्ठा, या सगळ्यांतून आम्लयुक्त वाफा निघतात, आणि पुढे काच घट्ट बसवली की त्या आतच कोंडून राहतात. काचेच्या सांध्यांना सिलिकॉन भरलेले असेल तर तेही तपासा. ज्या सिलिकॉनला भरताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून वाळताना ॲसिटिक आम्लच बाहेर पडत असते. काचवाल्याला सांगून न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणाऱ्या प्रकारचे सिलिकॉन वापरून घ्यावे. दुकानात मागितले तर मिळते.

आजच करण्याची गोष्ट अशी की जुने शिशाचे सर्व सैनिक त्या कपाटातून बाहेर काढून, बाधित आणि निरोगी वेगळे करून, मोकळ्या हवेच्या पण कोरड्या जागी ठेवावेत. हातमोजे व मास्क घालून, खाली वर्तमानपत्र पसरून, मऊ कुंचल्याने भुकटी झटकावी आणि ते वर्तमानपत्र घडी घालून पिशवीत बंद करून टाकावे. ही भुकटी विषारी आहे. लहान मुले व जेवणाची जागा यांपासून ती दूर असावी. व्हिनेगर, लिंबू, चिंच यांनी ‘चकचकीत’ करण्याचा मोह टाळावा, कारण हा रोग आम्लानेच झालेला आहे. रंग शाबूत असेल तर पाण्याने धुऊही नये. धातू उघडा पडलेल्या जागी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर देता येतो.

कायमस्वरूपी जागा काच आणि पावडर कोटिंग केलेल्या पोलादाची असावी. आत आर्द्रतामापक ठेवावा आणि सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहील इतके सिलिका जेल ठेवावे. जेलच्या खड्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. नाशिकला हे वर्षातील चार महिने सांभाळावे लागेल. रत्नागिरी-मालवणच्या मंडळींना त्याहून जास्त. आधुनिक सैनिक बहुधा कथलप्रधान पांढऱ्या धातूचे किंवा रेझिनचे असतात आणि त्यांना हा धोका फारच कमी आहे, त्यामुळे ते सध्याच्या कपाटात राहिले तरी चालतील.

शिलेदार_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भालाईत बाहेर काढले आहेत, आणि काचेच्या सांध्यांना अजूनही किंचित आंबट वास येतो हे खरे आहे. रंगाच्या रांगेची कल्पना मला पटली. एका लढाईसाठी लागणारी जागा आमच्या घरात नाही. इटलीतील मराठा सैनिकाविषयी कोणी सांगू शकेल का? तेथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधव किंवा यशवंत घाडगे यांच्यापैकी एक असावा, असा मानस आहे. रंगवण्याचे काम स्वतः करण्याची तयारी आहे.

कुंचला_शून्य

तयार सैनिक मिळण्याची वाट पाहू नका, बदल करून घडवा. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश आठव्या सेनेचे 54 मिलिमीटरचे न रंगवलेले धातूचे सुटे संच मिळतात, आणि भारतीय पलटणी त्याच सेनेचा भाग असल्याने शिरस्त्राण, 1937 नमुन्याचे कॅनव्हासचे पट्टे व पिशव्या बऱ्याच अंशी तशाच चालतात. प्लास्टिकचे संच स्वस्त असले, तरी त्यांतील बहुतेक 1:35 प्रमाणाचे असतात आणि तुमच्या रांगेत ते खुजे दिसतील.

कोणता क्षण घडवायचा हे मात्र प्रशस्तिपत्रे वाचूनच ठरवावे, कारण दोघांच्या हातांत एकच शस्त्र असले तरी आविर्भाव अगदी भिन्न आहेत. नाईक यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतील सगळे पडल्यावर, एकट्याने टॉमीगन (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) घेऊन मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली. गोळ्यांची नवी पेटी चढवायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले, आणि नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. शिपाई नामदेव जाधव यांचा प्रसंग 9 एप्रिल 1945 चा, सेनिओ नदीवरचा. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती टाकून देऊन हातबॉम्ब वापरले, आणि ठाणी नष्ट केल्यावर बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या कंपन्यांना नदी ओलांडण्यासाठी खुणावले. टॉमीगन रोखलेला बाजारी सैनिक घेऊन खाली ‘नामदेव जाधव’ अशी पाटी लावणे म्हणूनच योग्य होणार नाही. हात कापून, तारेचा आधार देऊन, दोन भाग मळून करायच्या एपॉक्सी पुट्टीने नवा उंचावलेला हात बसवावा लागेल. माझी पसंती याच आविर्भावाला आहे. हाती शस्त्र नसलेला सैनिक तुमच्या रांगेत एकटाच असेल. त्याआधी ते जखमी कंपनी कमांडर व आणखी एकाला खोल पाण्यातून अलीकडे घेऊन आले होते, त्यामुळे पँट व कोटाचा खालचा भाग भिजलेला, म्हणजे मूळ खाकीपेक्षा दोन छटा गडद आणि किंचित चकाकी असलेला दाखवता येईल.

कपड्यांबाबत ऋतूचे भान ठेवा. जुलैमधील घाडगे सुती खाकीत असतील; एप्रिलसाठी त्याच महिन्यातील इटलीच्या आघाडीवरची छायाचित्रे पाहा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावर भारतीय डिव्हिजनांची बरीच छायाचित्रे आहेत. दंडावरील चिन्हांत गफलत करू नका. जाधव यांची पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तर घाडगे यांची तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात पलटणीचे संग्रहालय आहे, तेथे जाण्याची परवानगी मिळाली तर उत्तमच.

रंगाविषयी दोनच सूचना करतो. ‘फ्लेश’ नावाने मिळणारे तयार रंग युरोपीय कातडीसाठी बनवलेले असतात आणि त्यांत नुसता तपकिरी मिसळला की चेहरा मातीचा दिसतो. तांबूस तपकिरी पायावर गेरू आणि पिवळसर छटांनी उजळपणा आणावा. नाकाचा शेंडा आणि गालफडे यांवरही पांढरा मिसळू नये. खाकीलाही उजळण्यासाठी पांढऱ्याऐवजी फिकट बदामी वापरावा, आणि कॅनव्हासचे पट्टे कपड्यापेक्षा वेगळ्या, किंचित हिरवट फिकट छटेत ठेवावेत, अन्यथा सगळा सैनिक एकाच रंगाचा गोळा दिसतो. ॲक्रिलिकचे पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, आणि शेवटी मॅट व्हार्निश मारा. ओल्या भागावर मात्र सॅटिन.

काचकपाट

रांगेच्या मधल्या जागा भरताना जुने ब्रिटन्स घेणार असाल तर एवढे पाहून घ्या. मूळ रंग असलेल्या सैनिकाला किंमत असते, पुन्हा रंगवलेल्याला फारशी नसते, आणि विक्रेते हे नेहमी सांगतातच असे नाही. भिंगाखाली तळपट्टीखालची अक्षरे पाहा. ती रंगाने बुजलेली असतील, किंवा हलणारा हात खांद्याच्या खुंटीजवळ रंगाने चिकटून बसला असेल, तर रंग नंतरचा आहे असे समजावे. डोळे मूळ सैनिकात साध्या ठिपक्यांचे असतात. बुबुळे, पापण्या दिसल्या तर ते कोणा हौशी माणसाचे काम आहे. तुमच्या भालाइतांवर मूळ रंग असेल तर रोगट जागा सोडून कोठेही कुंचला लावू नका.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे या रांगेत ठेवावेत का, असे मला एका मित्राने विचारले होते. ते मला अतिशय प्रिय आहेत, पण जेथे सिंहासनावरील महाराज किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच असतात तेथे मापाचा विषयच निघत नाही, त्यांना वेगळा कप्पा द्यावा.

परदेशातून मागवताना पार्सलवर काय लिहिले जाते याकडेही लक्ष ठेवा. ‘खेळणी’ असे लिहिलेले असल्यास खेळण्यांच्या दराने आयातशुल्क लागू शकते. 2020 मध्ये तो मूळ दर 20 वरून 60 टक्के झाला आणि 2023 मध्ये 70. न रंगवलेला संच असेल तर विक्रेत्याला बिलावर तसे स्पष्ट लिहायला सांगा, आणि चालू दर मागवण्यापूर्वी तपासून घ्या.